मानखुर्दकरांना उत्तर: पोटातलं बाळ, किरणं आणि प्रतिकारशक्ती

मानखुर्दकर, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी: डॉक्टरांनी सांगितलाच तर गरोदरपणी छातीचा एक्स-रे टाळू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हिरोशिमात आईच्या पोटात असलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती जन्मभरासाठी खचली आणि ते मी दडवलं. अणुभट्ट्यांचं ट्रॉम्बे हाकेच्या अंतरावर असल्याने तुमच्या सोसायटीतल्या मुलांना दमा आहे. आणि पाचव्या महिन्यातल्या तुमच्या वहिनीला तीन आठवडे खोकला असूनही घरच्यांनी एक्स-रेला नकार दिला, ते बरंच केलं.

आधी हिरोशिमा. प्रतिकारशक्तीवर परिणाम झाल्याचा पुरावा खरोखरच आहे, पण तो स्फोटाच्या वेळी जन्मलेल्या माणसांचा. त्यांच्यावर १९४७ पासून तिथे देखरेख सुरू आहे. ज्यांना किरणांची जास्त मात्रा बसली, त्यांच्या रक्तात अनेक दशकांनीही नव्या, कोऱ्या टी-पेशी (रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी आढळल्या आणि दाह दाखवणारी प्रथिनं वाढलेली. कारण समजण्यासारखं आहे. या पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ती ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. एकदा झालेली तूट मग नीट भरून निघत नाही.

पोटातल्या बाळांबाबत २००४ साली जे प्रसिद्ध झालं, ते मला आजही चकित करतं. गर्भात असताना किरणं बसलेल्या ३३१ जणांचं रक्त त्यांच्या चाळिशीच्या सुमारास तपासलं. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींमधल्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडले गेलेत का, हे पाहायचं होतं, कारण किरणांची ही खूण वर्षानुवर्षं टिकते. काही मातांचीही तपासणी झाली. मातांमध्ये मात्रा वाढेल तशी ही खूण वाढत गेलेली. मुलांमध्ये तसं दिसलं नाही. ०.१ सिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे किरणांच्या मात्रेचं माप) आतल्या मात्रेला थोडीशी वाढ होती, त्यापुढे तीही नाही! संशोधकांचा अंदाज असा, की जबर इजा झालेल्या गर्भपेशी मरून जातात आणि त्यांची जागा धडधाकट पेशी घेतात. उंदरांवरच्या प्रयोगांतही मिळतंजुळतं चित्र दिसलं. गर्भात रक्त तयार करणाऱ्या पेशींचं बिऱ्हाड सतत हलत असतं: आधी पीतक पिशवी (सुरुवातीच्या गर्भाला जोडलेली छोटी पिशवी), मग यकृत, शेवटी अस्थिमज्जा. एवढ्या धावपळीत निवड कडक होत असावी, असं मला वाटतं.

यावरून किरणं निरुपद्रवी ठरत नाहीत. हिरोशिमातच ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भांना मोठी मात्रा बसली, तिथे मेंदूची वाढ खुंटली आणि गंभीर मतिमंदत्व आलं. मेंदूच्या पेशींना रक्तासारखी दुसरी संधी मिळत नाही. मोठ्या मात्रेने प्राण्यांच्या गर्भातली थायमसची वाढही खुंटल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. आणि डॉक्टर ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ पासून इंग्लंडमध्ये दाखवलं, की गरोदरपणी आईच्या पोटाचा एक्स-रे काढला असेल तर मुलाला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा अन्य कर्करोग होण्याचा धोका वाढतो, साधारण १० मिलिग्रेला (हेही मात्रेचं माप; एक्स-रेसाठी १००० मिलिग्रे म्हणजे एक सिव्हर्ट) ४० टक्क्यांनी. बालपणीचा कर्करोग मुळात विरळ, त्यामुळे वाढूनही आकडा लहानच राहतो. तरी स्ट्युअर्टबाईंना वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही, आणि तुमचा डॉक्टरांवरचा राग मला याच जागी पटतो. त्यांच्या आकडेवारीनंतर प्रसूतिशास्त्रातले ते सर्रास काढले जाणारे एक्स-रे बंद व्हायला फार उशीर लागला.

पण ते एक्स-रे पोटाचे होते. छातीच्या एक्स-रेत झोत फुप्फुसांवर असतो आणि गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेहूनही कमी पोचतं. नऊ महिन्यांत जमिनीतून, आकाशातून आणि आईच्या स्वतःच्या शरीरातून बाळाला अर्धा ते एक मिलिग्रे मिळतोच, मग आई मानखुर्दला राहो की माथेरानला. ओटीपोटाचा सीटी स्कॅन असता तर मी वेगळं लिहिलं असतं. तिथे गर्भाला १० ते २५ मिलिग्रे, कधी त्याहून जास्त बसू शकतात, आणि तो खरंच हवा का, हे दहादा विचारावं. किरणोत्सारी आयोडीनचे उपचार तर गरोदरपणी वर्ज्यच आहेत.

दम्याचं म्हणाल, तर मुलांच्या छातीशी ट्रॉम्बेचा संबंध जोडण्याआधी देवनारकडे पाहा. १९२७ पासून तिथे मुंबईचा कचरा पडत आला आहे, २०१६ च्या जानेवारीतली तिथली आग तुमच्या खिडकीतून दिसली असेल. धूर, रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल, ही दम्याची ओळखीची कारणं आहेत. अणुभट्टीचं नाव घेतलं की महापालिका सुटते.

आता वहिनी. मुंबईत दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे क्षयाची तपासणी करायचीच, गरोदर बाईची तर आधी. उपचाराविना राहिलेला क्षय आईला पोखरतो, बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मू शकतं, आणि नवजात बाळाला संसर्ग होऊ शकतो तो वेगळाच. त्यांना उद्याच जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात न्या, थुंकीची तपासणी तिथे मोफत होते. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे मागितला, तर कितवा महिना आहे ते टेक्निशियनला सांगा आणि काढून घ्या. रिपोर्ट आला की इथेच कळवा.