कवटीचा बिल्ला बालाक्लाव्हात जन्मलेला नाही

बिल्ले जमवणाऱ्यांच्या गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. विषय १७व्या लान्सर्सचा, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या एका भालाईत घोडेस्वार रिसाल्याचा, बिल्ला: कवटी, मागे आडवी-तिडवी हाडं, खाली 'ऑर ग्लोरी' ('नाहीतर कीर्ती') असं लिहिलेली पट्टी. मजकुराचं म्हणणं असं, की क्रिमियाच्या युद्धात रशियन तोफांवर झालेल्या बालाक्लाव्हाच्या धडकेत हा रिसाला जवळजवळ कापला गेला, म्हणून व्हिक्टोरिया राणीने त्याला हे चिन्ह दिलं. त्या स्वारांच्या टोपीवरचे चांदीचे बिल्ले अजून विकत मिळतात. आणि आपल्या इतिहासाशी या रिसाल्याचं काही देणंघेणं नाही. यातलं एकही विधान टिकत नाही.

पहिलं घ्या. बालाक्लाव्हाची धडक २५ ऑक्टोबर १८५४ची. कवटी त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची आहे. १३ सप्टेंबर १७५९ला कॅनडातल्या क्वेबेकच्या लढाईत ब्रिटिश सेनापती जनरल जेम्स वुल्फ पडला. विजयाची आणि त्याच्या मृत्यूची बातमी लंडनला पोचवणाऱ्या जॉन हेलला त्याच वर्षी नवा रिसाला उभारायला सांगण्यात आलं. हेल वुल्फच्या हाताखाली लढलेला. आपल्या सेनापतीच्या स्मरणार्थ त्याने कवटी निवडली: मृत्यू, नाहीतर कीर्ती. पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातही हा रिसाला हेच चिन्ह घेऊन लढला. तेव्हा व्हिक्टोरिया जन्मलीही नव्हती. सगळं श्रेय बालाक्लाव्हाला दिलं की वुल्फ आणि हेल दोघेही पुसले जातात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धडकेत माणसं भयंकर पडली हे खरंच. पण ही धडक मारणाऱ्या लाइट ब्रिगेड या तुकडीत पाच रिसाले होते. सुमारे ६७० स्वारांपैकी ११०च्या आसपास मेले आणि १६०च्या आसपास जखमी झाले. 'कोणीच परतलं नाही' असंही सांगतात, ती भर नंतरची.

खरं नुकसान होतं ते 'बालाक्लाव्हाच्या बिल्ल्या'पायी, कारण इथे लोकांचे पैसे जातात. १८५४ साली लान्सर्स चौकोनी माथ्याची उंच टोपी घालत आणि तिच्यावर पुढे मोठा धातूचा पत्रा असे. साध्या शिपायांच्या टोपीवर छोटे धातूचे बिल्ले आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी. त्यामुळे मागे टोपीत खोचायची उभी पट्टी, म्हणजे स्लायडर, असलेला बिल्ला कोणी 'क्रिमियाचा' म्हणून पुढे केला, तर तो खरा लष्करी असला तरी क्रिमियाचा नाही. चांदीचाही नाही, शिपायांचा बिल्ला व्हाइट मेटलचा, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा. शिवाय नंतर पाडलेल्या नकला बाजारात आहेतच. दातांच्या आणि डोळ्यांच्या खोबणींच्या कडा भिंगाखाली नीट बघा. तिथे बारकावे बुजलेले दिसले तर घाई करू नका. विक्रेत्याने सोबत दिलेली गोष्ट हा पुरावा नव्हे.

आणि आपल्याशी संबंध नाही? क्रिमियानंतर हाच रिसाला हिंदुस्थानात आला आणि १८५८मध्ये मध्य भारतात तात्या टोपेंच्या पाठलागावर होता. तात्या मूळचे येवल्याचे. ऑक्टोबर १८५८मध्ये सिंदवाहो इथे तात्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईतल्या कामगिरीसाठी १७व्या लान्सर्सच्या एव्हलिन वुडला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांच्या संग्रहात हा बिल्ला आहे, त्यांनी त्याच्या चिठ्ठीवर क्वेबेक १७५९ लिहावं, आणि खाली सिंदवाहो १८५८ही.