तुलना जरूर करा, फक्त निकाल आधी ठरवून निघा

ऑरगॅनिक, नॅचरल, केमिकल-फ्री वगैरे सामान छोट्या लोकल दुकानातून घ्यावं की मोठ्या चेनमधून, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर आधी अभिनंदन, कारण हा प्रश्न पडायला खिशात थोडे जास्तीचे पैसे असावे लागतात, आणि ते कुठे घालवायचे एवढंच आता बाकी आहे. लोक उगाच टेन्शन घेतात. भाव बघायचे, क्वालिटी बघायची, लेबलं वाचायची, कोणाला वेळ आहे. अहो वेळ लागतच नाही. निघायच्या आधी घरी बसून ठरवून टाका की तुम्ही लोकलवाले आहात की चेनवाले, तुलना नंतर आपोआप त्याच बाजूने लागते, आणि कोणी विचारलं तर "मी दोन्हीकडे जाऊन बघितलंय" असं छाती ठोकून सांगता येतं, जे खरंही असतं.

लोकलवाले असाल तर चेनमध्ये जाऊन सगळ्यात देखणं पाकीट उचला, तेच ते खाकी कागदाचं, खिडकी असलेलं, आणि त्याचा भाव लोकल दुकानातल्या गोणीतल्या सुट्ट्या मालाशी लावा. झालं, चेन लुटारू सिद्ध. चेनवाले असाल तर उलटं करा, चेनमध्ये शिरल्या शिरल्या समोर जी वस्तू मोठा बोर्ड लावून ठेवलेली असते तिचाच भाव धरा. ती वस्तू मुद्दाम तोट्यात किंवा नगण्य नफ्यात विकतात, म्हणजे तुम्ही आत याल आणि बाकीची ट्रॉली पूर्ण भावाने भराल, पण हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही त्या एका वस्तूवरून अख्ख्या दुकानाचा भाव काढा.

पाकिटावरचा मोठा आकडा तेवढा वाचा. त्याच्याखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात किलोमागे किंवा 100 ग्रॅममागे किती पडतात ते लिहिलेलं असतं, तिकडे नजर गेलीच तर पटकन फिरवा. युरोपियन युनियनने 1998 साली चक्क कायदा करून दुकानदारांना हा किलोमागचा, लिटरमागचा भाव दाखवायला लावला, बिचाऱ्यांना वाटलं असेल लोक वाचतील. तुम्ही वाचू नका, कारण वाचलं की मजा जाते, एकाचं पाकीट 400 ग्रॅमचं आणि दुसऱ्याचं 500 चं निघतं, स्वस्त वाटलेलं महाग पडतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कळतं की काही वस्तू इथे स्वस्त आहेत आणि काही तिथे. असा निकाल काय कामाचा? त्यावर भांडताही येत नाही. चेनचा स्वतःच्या नावाचा माल तर यादीत घेऊच नका, तो पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्यात भरलेला असतो, कधी कधी तर शेजारच्या महाग ब्रँडच्याच, आणि अशा गोष्टी कळल्या की महाग ब्रँड घेताना हात थरथरतो.

आता क्वालिटी. इथे तर काम अजून सोपं, कारण क्वालिटी पाकिटावर लिहिलेलीच असते. 'नॅचरल' लिहिलंय ना, मग संपला विषय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, या शब्दाची अजून औपचारिक व्याख्यासुद्धा केलेली नाही, एक ढोबळ धोरण आहे तेवढंच, म्हणजे शब्द एकदम मोकळाढाकळा आहे, ज्याला जसा हवा तसा छापा. 'ऑरगॅनिक'वाल्यांचं मात्र कटकटीचं आहे, तिकडे नियम आहेत. अमेरिकेत काय, युरोपात काय, पाकिटावर ऑरगॅनिकचा शिक्का मारायचा तर आतले शेतातून आलेले घटक किमान 95 टक्के ऑरगॅनिक असावे लागतात, आणि हा टक्का काढताना पाणी आणि मीठ मोजतच नाहीत, कारण मीठ काही शेतात उगवत नाही. तरीही मिठाच्या पाकिटावर 'नॉन-जीएमओ', म्हणजे जीन न बदललेलं, असं दिसलं तर दोन पैसे जास्त द्या. मिठात जीनच नसतो हे खरं, पण नसलेली गोष्ट नाही म्हणून सांगायलासुद्धा छपाईचा खर्च येतोच ना.

याच न्यायाने अमेरिकेतल्या चिकनवर 'हार्मोन घातलेले नाहीत' असं वाचलं की भरून यायला पाहिजे. तिकडे कोंबड्यांना हार्मोन द्यायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे शेजारचं स्वस्त चिकनही तेवढंच बिनहार्मोनचं, आणि त्या वाक्याखाली ही बंदी आहे असं लिहावंही लागतं, पण ते लिहितात बारीक अक्षरात आणि बारीक अक्षरांचं आपलं वर ठरलेलंच आहे. तसंच घटकांच्या यादीत साखर नको म्हणून तुम्ही 'उसाचा आटवलेला रस' लिहिलेला बार घेतलात तर उत्तम. 2016 साली एफडीएने स्पष्ट सांगितलं होतं की असं लिहिणं दिशाभूल करणारं आहे, ही साखरच आहे, साखर म्हणून लिहा. पण साखर म्हटलं की गिल्ट येतं आणि रस म्हटलं की हेल्दी वाटतं. आणि हो, ऑरगॅनिक म्हणजे फवारणी अजिबात नाही असंच समजून चाला. तांब्याची संयुगं, पायरेथ्रिन अशी काही औषधं ऑरगॅनिक शेतीतही नियमात बसवून वापरता येतात, हे सांगणारा माणूस जेवायच्या टेबलावर कोणालाच आवडत नाही.

लोकल दुकानात शिक्के कमी आणि गप्पा जास्त, तिकडचं तंत्र वेगळं. मालक म्हणतो "आपल्या ओळखीचा शेतकरी आहे, अजिबात काही मारत नाही." इथे मान हलवायची आणि पिशवी पुढे करायची. कोणता शेतकरी, माल काढला कधी, कीड लागली तर तो काय करतो, असले प्रश्न विचारून वातावरण खराब करू नका. चांगला मालक असेल तर तो खरंच उत्तर देईल, कदाचित फोनही लावून देईल, मग तुमची पंचाईत, बिनशिक्क्याचा माल चांगला निघाला तर शिक्क्यासाठी एवढे दिवस मोजलेल्या पैशांचं काय करायचं? शिक्का मिळवायला फी लागते, कागदपत्रं लागतात, अमेरिकेत तर आधी 36 महिने त्या जमिनीवर बंदी असलेलं काही वापरलेलं चालत नाही, म्हणून बरेच छोटे शेतकरी सगळं तसंच करतात पण त्या भानगडीत पडत नाहीत. तिथल्या नियमात वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत ऑरगॅनिक माल विकणाऱ्याला सर्टिफिकेटमधून सूटही आहे, नियम पाळायचे, शिक्का वापरायचा नाही, एवढंच. म्हणजे शिक्का नाही याचा अर्थ फसवणूक असाही होतो आणि प्रामाणिकपणा असाही होतो, आणि कोणता ते ओळखायला तोंड उघडावं लागतं, त्यापेक्षा आपलं आधी ठरवलेलं बरं.

ताजेपणाबद्दल एकच सांगतो, नाकाचा वापर टाळा. काचेच्या उंच डब्यांत बदाम, अक्रोड, जवस असे उजेडात चमकत असतात ना, फोटो काढा, छान येतात. तेलबियांना उजेड आणि हवा लागली की तेल खवट होत जातं, बिनपॉलिशचा तांदूळसुद्धा पांढऱ्या तांदळाआधी वास मारायला लागतो कारण त्याच्या कोंड्यात तेल असतं, दळलेल्या जवसाचं तर विचारूच नका. सुट्टा माल चांगला की वाईट हे दुकान लोकल आहे की चेन यावर नसून डबा किती दिवसांनी रिकामा होतो यावर असतं, गर्दीच्या दुकानात तो रोज भरला जातो, ओस दुकानात तोच माल महिनोन्महिने बसतो, मग ते दुकान कितीही गोड का असेना. पण तुम्ही खालचा तळ बघू नका, दाणा तोंडात टाकून तर अजिबात बघू नका.

पाकिटं घेताना पुढचंच उचलायचं, मागच्या रांगेत हात घालणं असभ्य दिसतं. मागे नंतरच्या तारखेचा माल असतो एवढंच त्यात विशेष. पालेभाज्यांवर जे सारखं पाणी शिंपडतात ते बघून 'वा काय फ्रेश' म्हणा आणि पाण्यासकट वजन करून घ्या. तोडल्यापासून पालेभाजीतलं सी जीवनसत्त्व उतरायलाच लागतं, लांबून आलेली 'ताजी' भाजी आणि तोडल्या तोडल्या गोठवलेली भाजी यांत दुसरी सरस निघू शकते, पण फ्रोझन घेऊन घरी जायचं कसं, लोक काय म्हणतील.

वजनावरही डोळे झाकून विश्वास ठेवा, खास करून नाव मोठं असेल तर. 2015 साली न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने होल फूड्स या नॅचरल-ऑरगॅनिकवाल्या मोठ्या अमेरिकन चेनच्या दुकानांत 80 प्रकारच्या पॅकबंद मालाचं वजन करून बघितलं, तर सगळ्याच प्रकारांत छापलेल्या वजनाचा घोळ सापडला. कंपनीच्या वरिष्ठांनी व्हिडिओ टाकून चूक झाल्याचं कबूल केलं आणि त्याच वर्षी 5 लाख डॉलर भरून मामला मिटवला. लोकलवाल्यांनी यावर खूश व्हावं, आणि आपल्या दुकानातला काटा शून्यावर आहे का हे मात्र बघू नये, तो आपलाच माणूस आहे.

तसं बघायला गेलं तर ही होल फूड्ससुद्धा टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातली लोकल पोरंच. 1978 ला दोघांनी एक छोटं नॅचरल दुकान टाकलं, 1980 ला गावातल्याच दुसऱ्या नॅचरल दुकानाबरोबर एक होऊन नवं नाव घेतलं, आणि 2017 ला अमेझॉनने ते सगळं 13.7 अब्ज डॉलरना घेतलं. म्हणजे लोकल आणि चेन ही दोन जमाती नसून एकाच दुकानाची दोन वयंही असू शकतात, पण हे लक्षात ठेवलंत तर तुमची बाजू डळमळेल म्हणून वाचून सोडून द्या. अमेझॉनने ताबा घेतला त्याच दिवशी निवडक वस्तूंचे भाव उतरवले, केळी, अवोकाडो असल्या, ज्यांचे भाव लोकांच्या तोंडपाठ असतात. बातम्या त्यांच्याच झाल्या. बाकीच्या शेल्फांचे भाव विचारायला कोण जातंय.

एवढं सगळं करूनही धोका उरतो तो घरातूनच. प्रत्येक घरात एकजण निघतो ज्याला एक्सेल येतं. तो तुम्ही नेहमी घेता त्याच वस्तू, एकाच दिवशी, दोन्हीकडे, किलोमागे किती पडल्या असं मांडून दाखवेल, आणि वर सांगेल की डाळी-पिठं इथून घ्या, तेल आणि सुका मेवा तिथून, साबण तर कुठलाही चालेल. घाबरू नका. आधी म्हणा, "पेट्रोल धरलंस का?" धरलं असेल तर म्हणा, "आणि पार्किंग?" तेही धरलं असेल तर वेळेची किंमत काढा, तिला आकडा नसतो म्हणून तिच्यावर कोणीच जिंकत नाही. तरीही ऐकेना तर ब्रह्मास्त्र काढायचं, "चवीत फरक आहे." दोन्हीकडचे काजू डोळ्यांवर पट्टी बांधून खाऊन बघू असं तो म्हणण्याच्या आत विषय बदला. बहुतेक तोवर फोनवर मेंबरशिपचा मेसेज आलेलाच असेल, फक्त आज, फक्त तुमच्यासाठी, दुप्पट पॉइंट. लगेच निघा, यादी केली असेल तर ती घरीच राहू द्या, आणि त्या एक्सेलवाल्याला पिशव्या उचलायला सोबत घ्या.