एकोणसाठ, एकोणसत्तर

'आपला ओटीपी कुणालाही सांगू नका' असं लॅमिनेट केलेलं पान काचेवर चिकटवलं होतं. त्याच्याच खालच्या अर्धगोल भोकातून ताई ओरडली, "सर, ओटीपी सांगा! मोठ्यानं!"

पोरीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला. नागपूरचा मे. केंद्राचं नाव घेत नाही, अजून दाखला हातात यायचाय.

मी कॉलेजात क्रिप्टोग्राफी, म्हणजे गुप्तलेखनाचं शास्त्र शिकवतो, म्हणून कुजबुजलो. भोकाशेजारी कूलर घरघरत होता.

"ऐकू नाही येऊन राहिलं!"

आणि काका अवतरले. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात उन्हाचा कांदा (दिसला नाही, वासावरून सांगतो). रांगेत माझ्या मागे, पण कोपरानं माझ्या पुढे. "मले सांगा सर, माझा आवाज जाते." मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी माझा मोबाइल वाचला आणि अख्ख्या हॉलला ऐकवला, "एकोणसाठ! एकोणसत्तर! शून्य सात!"

दोन्ही 'एकोण' कूलरनं गिळले. ताईनं साठ, सत्तर टाकलं. इनव्हॅलिड.

दुसरा ओटीपी मी चिठ्ठीवर लिहून भोकातून सरकवला. कूलरनं तो परत पाठवला. काकांनी तो झेलला, चष्मा लावला, वाचून दाखवला. तिसऱ्या वेळी मी स्क्रीनच काचेला टेकवली. "उलटा धरला न सर," असं म्हणून काकांनी तोही जाहीर केला. मागून कुणीतरी आकडा बरोबर आहे का म्हणून परत विचारला.

वर्गात मी फळ्यावर दोन माणसं काढतो आणि मधे तिसरा. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी दाखवलं की दोन अनोळखी माणसं भर बाजारात आकडे ओरडूनही आपापसात गुप्त चावी, म्हणजे निरोप कुलूपबंद करणारा आकडा, ठरवू शकतात. फक्त समोरचा खरंच तोच आहे का, हे तपासावं लागतं. नाहीतर मधला दोघांशी वेगवेगळी चावी ठरवतो आणि सगळं वाचत बसतो. पोरं विचारतात, सर, हा मधला दिसतो कसा? आता सांगता येईल. दुपट्टा बांधतो.

सीझर म्हणे प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवायचा. मलाही सुचलं, प्रत्येक आकड्यात तीन मिळवून सांगावं. पण 'ताई, तीन वजा करा' हे कूलरपलीकडे पोचवणार कोण? काकाच!

आपल्या विदर्भाला तसं हे नवीन नाही. महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत लिहून ठेवल्या, अक्षराच्या जागी भलतंच चिन्ह. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडली खरी, पण तोवर काही शतकं गेली होती. माझा ओटीपी चार सेकंद टिकला.

१८८३ मध्ये केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थानं लिहून ठेवलंय की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी चालेल, चावी तेवढी गुप्त हवी. आमच्याकडे चावी हॉलभर, आणि पद्धत, म्हणजे कोणता फॉर्म, कुणाची सही, स्टँप कितीचा, ही मात्र तीन चकरांनंतरही कुणी सांगत नाही.

ताईच्या संगणकावर पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होत होता. म्हणजे तिथून सर्व्हरपर्यंत सगळा मजकूर कुलूपबंद, कडेकोट. चावी १२८ बिटांची, म्हणजे १२८ शून्य-एकांची, धरली तर शक्यतांची संख्या ३९ अंकी. आणि कीबोर्डच्या अलीकडे लोकांच्या आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा, वरच्या प्रतीवर समोशाचा तेलकट डाग. मी म्हटलं, हे असं उघड्यावर बरं नाही. ताई म्हणाली, "सर, तुम्हाले दाखला पायजे का नाही?" दिवसभर त्या कूलरशेजारी बसणाऱ्या बाईवर काय चिडणार? चिडलो मात्र. अजून चिडलेलाच आहे.

काकांनी समजूत घातली, "लपवासारखं काय आहे सर त्यात? उत्पन्न तर तुमचं कमीच आहे." तेही त्यांनी वाचलं होतं.

काल गोकुळपेठ बाजारात भेंडी निवडत होतो. मागून हाक आली, "ओ एकोणसाठ सर! आला का दाखला?"

मी वळून ओ दिली.