क्रांतीवर जगात भारी मत कसे द्यावे

परवाच्या रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर, चहाच्या गाडीपाशी, आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींनी सव्वा तासात इराणचा प्रश्न सोडवला, पॅलेस्टाईनचा बऱ्यापैकी मार्गी लावला आणि रशियाला पुढच्या रविवारची तारीख दिली. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला राहवले नाही आणि इराणमधील क्रांतीची गोष्ट १९७९ च्या बरीच आधी सुरू होते, एवढेच सांगण्यासाठी मी तोंड उघडले. मी कसाबसा १९५१ सालच्या तेलापर्यंत पोहोचलो असेन, तोच एका निवृत्त साहेबांनी हात वर करून मला थांबवले. "सर, ते जाऊ द्या. तुम्ही कुठल्या बाजूचे, ते आधी सांगा की!" सगळे हसले आणि चहाचे पैसे मी दिले. घरी येताना लक्षात आले की चूक माझीच होती. धर्म, क्रांती आणि जागतिक राजकारण यांवर बोलण्याची एक रीत असते, ती मला ठाऊक नव्हती. आता ती मी शिकलो आहे आणि होतकरू वाचकांच्या सोयीसाठी येथे देत आहे.

बाजू आधी निवडावी, देश मागाहून निवडता येतो.

नकाशा पाहू नये.

धर्माचा विषय निघाला की 'धर्म ही अफूची गोळी आहे' हे मार्क्सचे वाक्य फेकावे. ते दोन्ही पक्षांना सारखेच उपयोगी पडते, एकाला धर्म झोडपायला आणि दुसऱ्याला मार्क्स झोडपायला. मात्र त्या वाक्याच्या मागेपुढे चुकूनही जाऊ नये. धर्म हा पिचलेल्या जिवाचा उसासा आहे, निर्दय जगाचे हृदय आहे, असेही मार्क्सने तिथेच लिहून ठेवले आहे, आणि १८४४ साली हे छापले गेले तेव्हा अफू हे युरोपात दुखण्यावरचे नेहमीचे औषधही होते. असले काही कळले की माणूस विचारात पडतो, विचारात पडलेल्या माणसाचा आवाज खाली येतो, आणि कट्ट्यावर ज्याचा आवाज खाली आला तो हरला.

क्रांतीचा विषय निघाला की फोटो दाखवावा. रविवारीही तो निघाला: जुन्या तेहरानमधला रस्ता, गुडघ्यापर्यंतचे स्कर्ट घातलेल्या तीन हसऱ्या मुली आणि खाली 'धर्म सत्तेत शिरला की काय होते ते पाहा' असा मजकूर. फोन सगळ्यांच्या हातांतून फिरला आणि इराणचा इतिहास तिथेच पूर्ण झाला. हा फोटो दाखवताना काय काय सांगायचे नाही, ते मात्र नीट ध्यानात ठेवावे. १९३६ साली इराणचा राजा रझा शाह याने हुकूम काढून बायकांच्या डोक्यावरची चादर बंद केली, पोलीस भर रस्त्यात ती ओढून काढू लागले आणि कित्येक बायकांनी घराबाहेर पडणेच सोडले, हे सांगायचे नाही. १९५१ साली मोसादेक नावाच्या पंतप्रधानाने ब्रिटिश कंपनीच्या ताब्यातले तेल राष्ट्राच्या मालकीचे केले, तो मुल्ला नव्हता तर स्वित्झर्लंडमध्ये कायद्याची डॉक्टरेट घेतलेला माणूस होता, आणि तरीही ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून त्याला उलथवले, हे तर मुळीच सांगायचे नाही, कारण ते सांगू लागले की लोक चहाचा पेला खाली ठेवतात. पुढची पंचवीस वर्षे रझा शाहच्या मुलाने, म्हणजे नव्या शाहने, पक्ष दडपले, वर्तमानपत्रांची तोंडे बांधली, सावाक नावाची गुप्त पोलीस यंत्रणा लोकांच्या मागे लावली, आणि ज्यांना कुलूप लावणे त्यालाही जमले नाही अशा जागा उरल्या त्या मशिदी. मग लोक मशिदीतून बाहेर पडले, तर त्यात नवल ते काय? १९७८ मध्ये तेलकामगारांनी संप करून शाहीचा घसा आवळला, ते सगळे काय नमाजासाठी संपावर गेले होते? १६ जानेवारी १९७९ ला शाह देश सोडून गेला, १ फेब्रुवारीला त्याचे विरोधक धर्मगुरू खोमेनी परदेशातून परतले आणि ८ मार्चला, म्हणजे अवघ्या पाच आठवड्यांत, त्याच तेहरानमधल्या हजारो बायका हिजाबच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्यांच्या पाठीशी उभे राहायला बहुतेक डाव्या पक्षांना सवड नव्हती, कारण त्यांच्या मते आधी साम्राज्यवाद संपवायचा होता आणि बायकांचे नंतर बघता येणार होते. खोमेनींना पाठिंबा देणाऱ्या तुदेह या कम्युनिस्ट पक्षावर १९८३ साली बंदी आली आणि त्याचे पुढारी दूरचित्रवाणीवर कबुलीजबाब देताना साऱ्या देशाने पाहिले. राजाने चादर ओढून काढली, धर्मगुरूंनी ती लादली, क्रांतिकारकांनी तिकडे पाहायचे टाळले, आणि २०२२ मध्ये महसा अमिनी ही बावीस वर्षांची मुलगी त्याच चादरीपायी पोलिसांच्या ताब्यात मेली. आणि आमचे साहेब सव्वा तास त्या फोटोतल्या स्कर्टची लांबी मोजत बसले!

असो. आपण रीत शिकत होतो.

रशियाची ऑक्टोबर क्रांती आजच्या कॅलेंडरप्रमाणे नोव्हेंबरमध्ये झाली असे कुणी म्हणाले, तर त्याला दिनदर्शिका भेट द्यावी.

आपल्या सिद्धांताला न जुमानणारी माणसे चर्चेत येऊ देऊ नयेत. त्याच १९७९ च्या जुलैमध्ये निकाराग्वात क्रांती झाली आणि तिच्या मंत्रिमंडळात कॅथलिक पाद्री बसले. मार्च १९८० मध्ये एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांच्या बाजूने आणि लष्कराच्या विरोधात बोलले म्हणून प्रार्थना चालू असतानाच गोळी घालून मारले गेले. आणि तिकडे पोलंडमध्ये कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राजवटीविरुद्ध कामगारच संपावर गेले, ते गोदीच्या फाटकावर पोपचा फोटो लावून. ही मंडळी कुठल्या बाजूची, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून त्यांना चहाला बोलावू नये.

आता घरचा विषय. राजर्षी शाहूंचे नाव दर तिसऱ्या वाक्यात घ्यावे, कारण कोल्हापुरात त्याशिवाय वाक्य उभे राहत नाही. २६ जूनला पुतळ्याला हार घालावा आणि त्याचा फोटो स्टेटसला ठेवावा. मात्र १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर पुरोहित आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणत नाही हे कळल्यावर त्या माणसाने धर्म सोडला नाही की मानही तुकवली नाही, उलट धर्मावर मालकी कुणाची हाच प्रश्न उभा केला, आणि १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, या तपशिलात शिरू नये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून स्वतः चहा घेणारा आणि बरोबरच्यांनाही पाजणारा राजा हा धार्मिक म्हणायचा की क्रांतिकारक? हा प्रश्न कठीण आहे, आणि कठीण प्रश्नांनी पोहे गार होतात. त्याच राजाच्या शहरात जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगड भिरकावले गेले, इंटरनेट बंद करावे लागले, आणि आपण दोन दिवस फॉरवर्ड येत नाहीत म्हणून हळहळलो.

साहेब, आता मला उपरोध जमत नाही, म्हणून सरळच बोलतो. तुम्हाला तेहरानचे काही पडलेले नाही आणि गाझाचेही नाही. दूरच्या क्रांतीवर बोलायला पैसे पडत नाहीत, शेजारी दुखावत नाही, पेठेतले कुणी जाब विचारत नाही, म्हणून तुम्ही बोलता. तिथली मेलेली पोरे तुमच्या चहाबरोबरचे खारे बिस्कीट झाली आहेत. माणसे मेली याचे दुःख करण्याआधी ती कुणाची हे विचारता, आणि ज्याला चार गोष्टी ठाऊक आहेत त्याला बाजू विचारून गप्प बसवता. ही चर्चा नव्हे, हा निलाजरेपणा आहे.

१६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ आठवते का? शिवाजी राजा रयतेचा होता हे साध्या मराठीत सांगत गावोगाव फिरलेल्या गोविंद पानसरे यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर, दोघे फिरून घरी परतत असताना, याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी ते गेले. आपलाच तो वेळ, आपल्यासारखेच फिरणे. आपला कट्टा तेव्हाही भरत होता. आदल्या दिवशी ॲडलेडला भारताने पाकिस्तानला हरवले होते आणि त्या आठवड्यात आपण कोहलीच्या शतकावर बोललो. मीसुद्धा बोललो. तोवर धर्मावर, क्रांतीवर आणि जगावर बोलणाऱ्या सगळ्या तोंडांना त्या आठवड्यात अचानक क्रिकेट आवडू लागले होते.

पुढे त्या खुनाच्या निषेधात शहरात निर्भय मॉर्निंग वॉक निघू लागला. तो सकाळीच निघतो आणि त्यात फक्त चालायचे असते, जे आपण एरवी रोजच करतो. मी एकदा गेलो, आणि ओळखीचे कुणी पाहील म्हणून शेवटच्या रांगेतून चाललो. तुम्ही त्या दिवशी रंकाळ्याची फेरी उलट्या बाजूने घातलीत.