नंबर लागला का?

मागच्या रविवारी एका मुलीचा फोन आला. आमच्याच कॉलेजची, माझ्यानंतर पाच वर्षांनी एम.ए. झालेली. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला अर्ज करतेय, अकरा ठिकाणी. पाच मिनिटं एसओपीबद्दल, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधाबद्दल, बोलली आणि मग एकदम म्हणाली, "ताई, झोप उडालीये. आणि सायकॉलॉजी शिकून मला हे झेपत नाहीये, याचीच जास्त लाज वाटते."

त्या वाक्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझा हिशेब सांगते. मी हा उद्योग दोनदा केला, २०२२-२३ ला आणि २०२४-२५ ला. दोन्ही वेळा प्रवेश मिळाला नाही. यंदा अर्ज करत नाहीये. सल्ले यशस्वी माणसाचेच हवे असतील तर इथेच थांबा, राग येणार नाही.

आपण सगळे 'नंबर लागला का?' या प्रश्नावर वाढलो. बालवाडीपासून. अकरावीची यादी ८९.४ ला बंद झाली आणि आपले ८९.२ असले की रडू यायचं, पण किती कमी पडलो ते दशांशासकट कळायचं. पुढच्या वर्गातल्या कुणाला, कुठल्या कोट्यातून, किती मार्कांवर मिळालं हे सगळ्या गल्लीला पाठ असायचं. रांग दिसायची आणि रांगेतली आपली जागाही दिसायची. रडून झालं की आपण म्हणायचो, दोन दशांश.

या पीएचडीत रांगच नसते. तिथे बहुतेक ठिकाणी तुमची निवड शेवटी एक प्राध्यापक करतो, आपल्या लॅबसाठी. विभागाकडे अर्ज येतात शेकड्यांनी, पूर्ण बॅच असते साधारण पाच ते दहा जणांची, आणि ज्या बाईंकडे तुम्हाला काम करायचंय त्या त्या वर्षी घेणार एक विद्यार्थी. कधी एकही नाही. त्यांचा जुना विद्यार्थी वर्षभर रेंगाळला, ग्रँट पुढे मिळाली नाही, त्या वर्षभराच्या रजेवर गेल्या, की तुमची जागा गेली. यातलं तुमच्या मार्कशीटवर काय दिसणार? त्यात आपण परदेशी. एनआयएच आणि एनएसएफ या संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्था. एनआयएचच्या ट्रेनिंग ग्रँटचे किंवा एनएसएफच्या ग्रॅज्युएट फेलोशिपचे पैसे तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांनाच मिळतात. आपल्याला घ्यायचं तर प्राध्यापकाला पैसे दुसरीकडून उभे करावे लागतात.

हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण आतून मी कट-ऑफच शोधत होते. नकार आला की एसओपीचा दुसरा परिच्छेद उघडायचा आणि ते दोन दशांश कुठे गेले ते शोधायचं. एका वाक्यातला 'however' मी रात्री दोन वाजता काढला होता, अर्ज जाऊन दोन महिने झाल्यावर!

दुसऱ्या फेरीतली एक गोष्ट सांगते. ७ फेब्रुवारी २०२५ ला एनआयएचने जाहीर केलं की ग्रँटवर विद्यापीठांना मिळणारा वरखर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणणार. प्रकरण कोर्टात गेलं, स्थगितीही मिळाली, पण त्या गोंधळात कित्येक विद्यापीठांनी त्या वर्षीचे पीएचडी प्रवेश कमी केले किंवा थांबवून ठेवले. माझी एक मुलाखत त्याच्या आदल्याच आठवड्यात झाली होती, आणि छान झाली होती. मार्चमध्ये त्या बाईंचा दोन ओळींचा मेल आला: पैशांची खात्री नाही, यंदा मी कुणालाच घेऊ शकत नाही. तो मेल मी अजून जपून ठेवलाय. दोन फेऱ्यांतल्या सगळ्या नकारांत कारण कळलेला तो एकटाच. आणि गंमत बघा, सगळ्यात कमी त्रास त्याचाच झाला. हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, तरी त्या रात्री मी झोपले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला नकार खात नव्हता. कारण नसलेला नकार खात होता, आणि त्याहून जास्त, नकारही न देणारी शांतता.

बहुतेक अर्जांची शेवटची तारीख १ डिसेंबर. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे २ तारखेचे सकाळचे १०:२९. पहिल्या वर्षी मी १०:२१ ला शेवटचं बटण दाबलं. आईने शेजारी ठेवलेले पोहे गार झाले होते. वाटलं, सुटलो. सुटतो कुठले, खरी परीक्षा तिथून सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखतीची बोलावणी येतात, आली तर. मुलाखत तिकडे सकाळी नऊला सुरू होते, म्हणजे इकडे संध्याकाळी साडेसात, आणि दिवसभराची असली तर आपले पहाटेचे साडेतीन होतात. वर फॉर्मल शर्ट, खाली गाऊन, आणि शेजारच्यांचं कुत्रं. ज्यांना तुम्ही नको असता ते बहुधा कळवतच नाहीत. मार्च-एप्रिलपर्यंत पोर्टलवर आपलं 'विचाराधीन'. मग उमेदवार ज्या साइटवर आपापले निकाल टाकतात ती उघडायची आणि 'अमुक ठिकाणची बोलावणी काल गेली' हे वाचून स्वतःच स्वतःला नापास करायचं.

स्किनर या मानसशास्त्रज्ञाचा कबुतरांवरचा प्रयोग आम्ही एफ.वाय.ला शिकलो. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारायचं थांबत नाही. एम.ए.ला याच विषयावर मी पानं भरून उत्तर लिहिलंय. आणि जानेवारीत एका दिवशी मी इनबॉक्स किती वेळा ओढला ते मोजलं तर चाळीसच्या पुढे मोजणं सोडलं. थिअरी येत असली म्हणून कबुतर चोच मारायचं थोडंच थांबतं.

म्हणून त्या मुलीला मी पहिलं सांगितलं की लाज काढून टाक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या केट स्वीनी यांनी वाट बघण्यावरच संशोधन केलंय. तिथली वकिलीची बार परीक्षा देऊन चार महिने निकालासाठी ताटकळणारे पदवीधर त्यांनी अभ्यासले, २०१६ चं काम आहे. मन दुसरीकडे वळवणं, भावना दाबणं, आधीच वाईटाची तयारी ठेवणं, लोक जे जे करतात त्यातल्या बहुतेकाने वाट बघण्याचा त्रास काही कमी झाला नाही. उलट ज्यांनी ते महिने चिंतेत, वाईटच होणार असं धरून काढले, त्यांना वाईट निकाल जरा सोपा गेला आणि चांगल्या निकालाचा आनंदही जास्त झाला. मला हे वाचून केवढं हलकं वाटलं सांगू. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्या प्रत्येक काकूला हा पेपर मराठीत करून पाठवावा असं मनात होतं.

त्यांच्याच गटाच्या पुढच्या कामात एका गोष्टीचा उपयोग दिसला: ज्यात आपण स्वतःला विसरून बुडतो असं काम. फार सोपं नाही, फार अवघड नाही. मी आजीकडून ज्वारीची भाकरी थापायला शिकले. पहिल्या पंधरा भाकऱ्या म्हणजे महाराष्ट्राचे जिल्हावार नकाशे होते. पण पिठाचे हात घेऊन मोबाइल उघडता येत नाही, हा त्यातला मोठा गुण. दुसरी युक्ती १९८३ पासून चालत आलेली, मानसशास्त्रज्ञ बोर्कोवेक यांची: काळजीला दिवसातला अर्धा तास नेमून द्यायचा, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. मी संध्याकाळी सहाला गच्चीवर जायचे. इतर वेळी काळजी आली की तिला म्हणायचं, सहाला ये. पहिले आठ दिवस ती सहाच्या आधीच येऊन बसायची. नंतर नंतर सहाला गच्चीवर जायचाच कंटाळा यायला लागला.

एका गोष्टीचा मात्र राग आहे, तो इथे काढते. २००६ मध्ये ड्र्यू आणि कॅरेन ॲपलबी यांनी सायकॉलॉजीच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं, की चांगला अर्ज कशाने बुडतो? एसओपीत स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल लिहिणं हे त्यातलं एक ठळक उत्तर. आजही सगळे गाइड हेच सांगतात, आणि मीही त्या मुलीला हेच सांगितलं, कारण खोटं कशाला सांगू? पण म्हणजे दुसऱ्यांनी मोकळं बोलावं यासाठी आयुष्य घालवणाऱ्या या क्षेत्राच्या दारातच पाटी: आपलं आपल्याजवळ ठेवा. मग पोरं गप्प बसायला शिकली तर नवल काय. एसओपीत लिहू नका, ठीक. पण कुणाला तरी सांगा. मी फेब्रुवारी २०२३ मध्ये सलग नऊ रात्री झोपले नव्हते, तेव्हा एका समुपदेशकाकडे गेले. तीही आमच्याच विषयाची असल्यामुळे पहिला तास मी तिच्यावर छाप पाडण्यात घालवला. कुणीच नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं.

पैशाचं कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षी माझे १२ अर्ज, जीआरई, टोफेल आणि मार्कशीटचं मूल्यांकन धरून एक लाख पस्तीस हजार गेले. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, मिरजेला बुकिंग क्लार्क होते. ते काही बोलले नाहीत, पण प्रत्येक नकार मला रुपयांत ऐकू यायचा. दुसऱ्या वर्षी आकडा आधी ठरवला आणि त्यात बसतील ते सात अर्ज केले. ताण निम्म्याने उतरला. एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, मान्यता असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे आकडे वेबसाइटवर मांडावे लागतात: डिग्रीला किती वर्षं लागतात, खर्च किती, किती जण मध्येच सोडून गेले, इंटर्नशिप किती जणांना मिळाली. पहिल्या वर्षी मी तो तक्ता उघडलाच नव्हता. कॅम्पसवरच्या झाडांचे फोटो बघत होते.

त्या सातांपैकी एका ठिकाणी वेटलिस्ट झाली. बाबांना सांगितलं तर चेहरा उजळला. हा त्यांचा प्रांत.

"वेटिंग किती?"

"तसं नंबर सांगत नाहीत, बाबा."

"नंबर नाही? मग आरएसी तरी?"

"नाही."

"बरं. चार्ट कधी लागतो?"

१५ एप्रिलला, म्हटलं. खरंच तशी रीत आहे. स्टायपेंडसकट आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याची सक्ती करायची नाही, असा तिथल्या विद्यापीठांचा आपसातला ठराव आहे. त्यामुळे चार-चार ऑफर घेऊन बसलेली मुलं शेवटच्या दिवशी तीन सोडतात आणि वेटलिस्ट एका संध्याकाळीत सरकते. त्या रात्री बाबा माझ्याबरोबर जागे होते. दर तासाने विचारायचे, कॅन्सलेशन? सोळाला सकाळी साडेनऊला तिकडची मध्यरात्र झाली.

"लागला चार्ट?"

"लागला. नाही झालं कन्फर्म."

ते उठले, पिशवी घेतली आणि मंडईत गेले. येताना डझनभर हापूस आणले, एप्रिलच्या भावाने. आई ओरडली. आम्ही दोघांनी तिथेच स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून दोन-दोन खाल्ले.

आता त्या मुलीसारखे जे कुणी असतील त्यांच्यासाठी: कुठे अर्ज करायचा ते ठरवायला केलेली माझी शीट हवी असेल तर मेसेज करा. त्यात प्राध्यापक यंदा विद्यार्थी घेणार आहेत का, हा कॉलम पहिला आहे, फीचा दुसरा, आणि विद्यापीठाचं नाव मुद्दाम पाचवा. एसओपी वाचून देईन, पण आठवड्याला दोनच. २ डिसेंबरला सकाळी मी ऑनलाइन असेन, १०:२९ पर्यंत. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी 'नंबर लागला का?' विचारलं, तर 'चार्ट १५ एप्रिलला लागतो' म्हणून कळवा. आमच्याकडे हे चाललं. काकांनी पुढे काही विचारलं नाही.