दीडशे प्रश्नांची जुनी गाइडं पोरांच्या गळ्यात मारू नका

आज तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात बारावीची एक मुलगी भेटली. हातात क्लॅटचं, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचं, जाडजूड गाइड. बाबांनी पहिल्या वेच्याचा कापूस विकून घेऊन दिलेलं, कव्हर करकरीत नवं. आत 150 प्रश्नांचे सराव पेपर, खुनाचं कलम 302, आणि देश-राजधानी-चलनांची पानंच्या पानं. ती तेच पाठ करत होती. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

क्लॅट 2020 पासून उताऱ्यांवर गेली. डिसेंबर 2023 च्या पेपरपासून 150 चे 120 प्रश्न झाले, वेळ तीच दोन तास, चुकलं की पाव गुण वजा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाची शिक्षा आता कलम 103 मध्ये. हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल? मला बिलकुल पटत नाही. खेड्यातल्या बापाला काय कळतं, या हिशेबानं जुना माल खपवणं चालू आहे.

पाठांतर अगदीच वाया जात नाही, मान्य. चालू घडामोडींचे 28 ते 32 प्रश्न असतात, तिथं आठवावंच लागतं. पण पोरं अडकतात वाचनात. इंग्रजी, घडामोडी, कायदा, तर्क, सगळीकडे साडेचारशे शब्दांच्या आसपासचे उतारे. बेरीज आठ हजारांच्या घरात जाते. मिनिटाला 200 शब्द वाचणाऱ्याची 40 मिनिटं जातात, 100 वाचणाऱ्याची 80. मग उरलेल्या 40 मिनिटांत 120 प्रश्न सोडवा आणि उत्तरपत्रिकेवरचे गोळेही भरा! मराठी माध्यमाचं पोरगं इथं मागे पडतं, कारण ते प्रत्येक वाक्य मनात मराठीत करून मगच पुढे सरकतं.

त्यावर उपाय रोजचा आहे. एक इंग्रजी अग्रलेख घ्या, मोबाइलवर वेळ लावा. शब्द अडला तर खूण करून पुढे जा, डिक्शनरी नंतर. संपलं की कागद पालथा घालून लेखकाचं म्हणणं एका ओळीत लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल. ओळ जमली नाही तर नुसते डोळे फिरले. सुरुवातीला 450 शब्दांना पाच-सहा मिनिटं लागतील, लागू द्या. ओळ बरोबर यायला लागली की आठवड्याला अर्धा मिनिट कमी करत तीनवर या. आधी वेग धरला तर समज सुटते, मग परत पहिल्यापासून.

कायद्याच्या भागात वेगळीच गडबड होते. समजा, सतरा वर्षांच्या मुलानं वय खोटं सांगून कृषी केंद्रातून फवारणी पंप उधार नेला. उताऱ्यात नियम दिलाय: अल्पवयीनाशी केलेला करार मुळातच रद्दबातल, त्यानं वय खोटं सांगितलं तरी. दुकानदार करारावर पैसे मागू शकतो का? आपलं मन म्हणतं, खोटं बोलला ना, भरू दे. गेला पाव गुण. दिलेला नियम लावायचा, आपला न्याय घरी ठेवायचा. कलमं पाठ असायची गरजच नाही, म्हणून त्या गाइडचा जास्तच राग येतो.

गणिताचे 10 ते 14 प्रश्न दहावीच्या पातळीचे, शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी. आपली पोरं यात पक्की असतात आणि तोच भाग शेवटी ठेवून घालवतात. गोळे उतारा संपला की लगेच भरा. शेवटच्या दहा मिनिटांत भरायला बसलं की एक ओळ सरकते आणि खालचं सगळं चुकतं. राज्याची विधी सीईटी, म्हणजे कायद्याची राज्य प्रवेश परीक्षा, निराळी: पेपर मराठीतही असतो, वजा गुण नाहीत, तिथं एकही प्रश्न कोरा सोडू नका. ती सवय मात्र क्लॅटला नेऊ नका. दोन पर्याय खोडता आले तरच गोळा.

पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे म्हणून परीक्षा इंग्रजीत, हेही एकवेळ समजू शकतो. पण नागपूरजवळ वारंग्याला विधी विद्यापीठ उभं असताना यवतमाळ-गडचिरोलीच्या पोरांनी दारातच अडायचं? 4000 रुपये फॉर्मचे, अनुसूचित जाती-जमातींना 3500. पेपर डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे घरात कापसाच्या वेचणीची ऐन घाई. दादा-काकांनो, तेवढा महिना तरी पोरीला पहाटेचे दोन तास मोकळे द्या.

आणि जुने पेपर क्लॅट घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाच्या, कन्सोर्टियमच्या, वेबसाइटवर फुकट आहेत. 2020 ते 2022 च्या परीक्षांत 150 प्रश्न असले तरी उतारे सरावाला चालतात. त्याआधीचे सोडा.

त्या मुलीला तिथंच 120 प्रश्नांचा एक पेपर काढून दिला. पहिला उतारा तिनं काउंटरवर उभ्यानं वाचला. सहा मिनिटं लागली. गाइडच्या मागच्या कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली. बरोबर होती.