मित्राला पहिली बेसबॉल मॅच दाखवताय? दुपारची घ्या, वरची सीट घ्या आणि पेन्सिल विसरू नका

"बेसबॉल फार कंटाळवाणा," असं म्हणणारी आपली मंडळी अमेरिकेत ढिगाने भेटतात. खोदून विचारलं तर कळतं की मॅच बघितलीय एकदाच. ऑफिसच्या आउटिंगला, रात्री, राइट फील्डच्या कोपऱ्यात, हातात गार झालेले नाचोज आणि सगळं लक्ष पार्किंगमधून गाडी कशी काढायची याकडे. असं बघितलं तर कसोटी क्रिकेटही कंटाळवाणंच वाटेल. माझ्या मते दोष खेळाचा नसतो, बेताचा असतो. क्रिकेटवर वाढलेल्या मित्राला पहिल्यांदा नेणार असाल तर दिवस नीट आखा.

शिकागोचं रिग्ली फील्ड धरून लिहितोय, कारण दुपारच्या बेसबॉलचं ते माहेरघर. मैदान १९१४ सालचं, शिकागोचा संघ कब्ज (Cubs) तिथे १९१६ पासून खेळतो, आणि १९८८ पर्यंत तिथे दिवेच नव्हते. ८ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा दिवे लावून मॅच सुरू केली, तर साडेतीन इनिंगनंतर (एक इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक छोटी फलंदाजी) पावसाने ती धुऊन नेली. पहिली अधिकृत रात्रीची मॅच दुसऱ्या दिवशी मेट्सशी झाली. आजही तिथे आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी १.२० च्या मॅचेस असतात. तीच घ्या, एक रजा टाका. शनिवार-रविवारी तिकीट महाग आणि गर्दी सहलीची. सेंट लुइस कार्डिनल्स किंवा गावातलेच व्हाइट सॉक्स समोर असतील तर भाव आणखी चढतो. पहिल्या मॅचला प्रतिस्पर्धी कोण याने मित्राला काडीचा फरक पडत नाही, तेव्हा कमी मागणीची मॅच निवडा. तिकीट फोनवरच असतं. ते घरूनच वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. दारापाशी हजारो लोक एकदम नेटवर्कवर आले की ॲप नुसतं गरगरत बसतं आणि मागची रांग तुमच्याकडे बघत बसते.

सीटबद्दल लोक हमखास चुकतात. जवळची म्हणजे चांगली, हा समज सोडा. खाली पहिल्या-तिसऱ्या बेसच्या (बेस म्हणजे धावपटूने क्रमाने गाठायचे थांबे) पुढे बसलात तर बॉल दिसतो, पण मैदानाची मांडणी दिसत नाही. नवख्याला तीच दिसायला हवी. म्हणून वरच्या मजल्यावर, ३०० च्या पट्ट्यात, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे जितकं मधोमध मिळेल तितकं बघा. मधोमध नाहीच मिळालं तर तिसऱ्या बेसची बाजू घ्या, म्हणजे लहान आकड्यांचे सेक्शन. होम प्लेट मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे, त्यामुळे दुपार कलली की सावली आधी तिकडे येते. २०० च्या पट्ट्यात मागच्या रांगा स्वस्त दिसल्या तर हुरळू नका. जुनं बांधकाम आहे, मध्ये लोखंडी खांब येतात, आणि वरच्या मजल्याच्या छतामुळे उंच उडालेला बॉल अर्ध्या वाटेत गायब होतो. ब्लीचर्स, म्हणजे आउटफील्डमागची पाठ नसलेली बाकं, ही दुसऱ्या-तिसऱ्या भेटीची गंमत. तिथे पूर्ण वेळ ऊन आणि शेजारी बिअर.

निघण्याआधी तापमानापेक्षा वाऱ्याची दिशा बघा. मिशिगन सरोवर पूर्वेला हाकेच्या अंतरावर आहे. वारा सरोवराकडून आला की तो बॅटरच्या तोंडावर येतो, आणि एरवी होमरन (थेट भिंतीपलीकडे जाणारा फटका) झाला असता तो बॉल भिंतीपाशी झेलला जातो. वारा नैर्ऋत्येकडून असेल तर उलट. १७ मे १९७९ ला असाच बाहेर जाणारा वारा होता आणि फिलीजनी कब्जना दहा इनिंगमध्ये २३-२२ असं हरवलं. मैदानात शिरल्यावर आधी स्कोअरबोर्डावरचे झेंडे बघायला मित्राला शिकवा. नाणेफेकीआधी खेळपट्टी बघतात ना, तसंच. आणि एप्रिल-मेमध्ये नेपरव्हिलसारख्या उपनगरात टी-शर्टात फिरता येत असलं तरी रिग्लीच्या वरच्या मजल्यावर विंडचीटर लागतंच.

गाडी नेऊ नका. पार्किंगला सोन्याचा भाव आणि सुटल्यावर तासभर जागचे हलत नाही. नेपरव्हिल किंवा अरोराकडची मंडळी बीएनएसएफ लाइनच्या मेट्राने (उपनगरी रेल्वे) युनियन स्टेशनला येतात, शॉमबर्गवाले मिलवॉकी वेस्ट लाइनने. दुपारच्या मॅचसाठी साडेअकरापर्यंत युनियन स्टेशनला पोचेल अशी गाडी धरा, कारण ऑफिसची वेळ टळली की गाड्या विरळ होतात. तिथून पूर्वेला स्टेट स्ट्रीटपर्यंत पंधराएक मिनिटं चाला, जॅक्सनला हॉवर्डकडे जाणारी रेड लाइन (शहरातली लोकल ट्रेन) पकडा आणि ॲडिसनला उतरा. मैदान समोरच दिसतं. परतीचा रस्ता मात्र हा नाही, तो शेवटी सांगतो.

खाण्याचं. स्वतःपुरतं खाणं आणि सीलबंद प्लास्टिकची पाण्याची बाटली रिग्लीत नेऊ देतात. नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून आदल्या दिवशी क्लबच्या पानावर एकदा वाचा. धपाटे किंवा दशम्या फॉइलमध्ये, सोबत कोरडी शेंगदाण्याची चटणी. रस्सा, दही, डब्यात डबा असलं काही नको. मांडीवर स्कोअरकार्ड असतं आणि पुढच्याच्या टोपीवर आमटी सांडणं बरं दिसत नाही. शाकाहारी मित्राला आधीच सांगा की शिकागोचा हॉटडॉग बीफचा असतो. मोहरी, हिरवंगार रेलिश, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, तिखट मिरच्या, सेलरी सॉल्ट आणि वर खसखस लावलेला पाव हे सगळं खरं, पण आत बीफ. ज्याला चालतं त्याने खावा, फक्त केचप मागू नये. विकत घ्यायचंच तर भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्या. टरफलं पायाशी टाकायची हाच रिवाज आहे, आणि याबाबतीत आपल्या माणसाला वेगळं शिक्षण लागत नाही. रोख पैसे चालत नाहीत, कार्ड ठेवा.

आता मुख्य मुद्दा, स्कोअरकार्ड आणि पेन्सिल. मैदानात कार्ड मिळतं, नाहीतर घरून छापून न्या. त्यावर प्रत्येक बॅटरला एक ओळ, प्रत्येक इनिंगला एक रकाना, आणि दोन्ही मिळतात तिथल्या चौकोनात त्याचं काय झालं ते लिहायचं. पेन नको, खोडरबर असलेली पेन्सिलच, कारण फटका 'हिट' धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक हे अधिकृत स्कोअरर ठरवतो आणि कधी कधी निर्णय फिरवतो.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. जर्सीवरच्या नंबरचा याच्याशी संबंध नाही, ही पहिली गफलत. दुसरी गफलत शॉर्टस्टॉपची. तो उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, म्हणून नवखा त्याला ५ देतो आणि पुढचं सगळं सरकतं. सरपटता बॉल शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला तर बॅटरच्या चौकोनात ६-३. सेंटर फील्डरने झेल घेतला तर नुसता ८. चार 'बॉल' (ठरलेल्या चौकटीबाहेर टाकलेले) सोडून पहिल्या बेसला चालत गेला तर बीबी. तीन स्ट्राइक (हुकलेला फटका किंवा चौकटीतला सोडलेला बॉल) झाले तर के (K), आणि तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता बघतच राहिला तर उलटा के. पहिल्या बेसवर धावपटू असताना शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला, तिथून पहिल्याला, दोघेही बाद: ६-४-३. हा डबल प्ले पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिला की मित्र सरळ बसतो. तोवर त्याला वाटत असतं की मैदानात नऊजण उगाच उभे आहेत.

एका इनिंगमध्ये नऊच्या पुढे बॅटर आले तर रकाना संपतो. तेव्हा शेजारच्या रकान्यावरचा इनिंगचा आकडा खोडून तिथेच पुढे चालू ठेवा आणि पुढचे आकडे एकेक सरकवा. बदली खेळाडू आला तर त्याच ओळीत खाली नाव लिहा. बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही, त्यामुळे घोळ होत नाही. आणि शेंगा आणायला गेल्यावर एखादा बॅटर हुकला तर लाजू नका. यांकीजचे समालोचक फिल रिझुटो अशा चौकोनात 'डब्ल्यू डब्ल्यू' लिहायचे, अर्थ 'बघत नव्हतो'.

समजावून सांगण्याची हौस आवरा. जाताना मेट्रात चारच गोष्टी सांगा: तीन बाद म्हणजे अर्धी इनिंग, तीन स्ट्राइक म्हणजे बाद, चार बॉल म्हणजे फुकट पहिला बेस, आणि दोन स्ट्राइक असताना बॉल फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला तर साधारणपणे स्ट्राइकची मोजणी दोनवरच राहते. बाकीचं कार्ड शिकवेल. क्रिकेटची तुलना तर जपूनच. 'पिचर म्हणजे बोलर' म्हणालात की तो यॉर्कर आणि स्विंग शोधत बसतो, आणि फलंदाज सारखा का चुकतोय म्हणून वैतागतो. इथे दहापैकी तीनदा हिट मारणारा उत्तम समजतात, हे आधी पचायला हवं. एक तुलना मात्र चालते. २०२६ च्या हंगामापासून बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर टॅप करून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतात, संघाला सुरुवातीला अशी दोन आव्हानं. डीआरएस माहीत असलेल्याला हे क्षणात कळतं.

वेळेची भीती जुनी झाली. २०२३ मध्ये पिचरवर घड्याळ लावलं आणि सरासरी मॅच तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. याचा उलटा परिणामही आहे. पूर्वी खाणं आणायला गेलात तर फारसं चुकत नसे, आता एका रांगेत अख्खी इनिंग जाते. म्हणून डबा. पाऊस आला तर मात्र डकवर्थ-लुईस नाही, इनिंग आधीच हिशोब करून कमी करत नाहीत. ताडपत्री टाकून वाट बघतात, दोन-दोन तासही. परतीच्या दोन गाड्या पाहून ठेवा.

स्टँडमध्ये आलेला बॉल परत करायचा नसतो. क्रिकेटच्या सवयीने मित्र तो इमानदारीत मैदानात फेकून देईल, त्याला आधीच सांगा. अपवाद रिग्लीच्या ब्लीचर्सचा. तिथे पाहुण्या संघाचा होमरन पकडलात तर लोक ओरडून ओरडून परत फेकायला लावतात. मुरलेले प्रेक्षक खिशात एक साधा बॉल ठेवतात, फेकायला तो आणि घरी न्यायला खरा. आणि बॉल आउटफील्डच्या भिंतीवरच्या वेलीत अडकला, क्षेत्ररक्षकाने दोन्ही हात वर केले, तर पंच थांबवून दोन बेस देतात. १९३७ साली लावलेली ही वेल मेच्या मध्यापर्यंत नुसत्या काड्या असते. हिरवी भिंत बघायची असेल तर जूनचं तिकीट काढा.

मॅच संपली की उठू नका. स्कोअरबोर्डावर कब्ज जिंकले तर पांढरा आणि हरले तर निळा झेंडा चढतो, तोवर ॲडिसनचा फलाट खच्चून भरलेला असतो. बसल्या बसल्या कार्डाचा ताळा करा. एका संघाचे जितके बॅटर आले, तितकीच बेरीज त्यांच्या धावा, बाद आणि बेसवर अडकून राहिलेले मिळून यायला हवी. एकाने चुकली तर बहुतेक वेळा चालत गेलेला कुणीतरी राहिलेला असतो. मग शेफिल्डने दक्षिणेला अर्धा मैल चालत बेलमाँट स्टेशन गाठा. तिथे येणारी रेड लाइन ॲडिसनवरच भरलेली असते, तिच्यासाठी रेटारेटी करू नका. त्याच स्टेशनवरून ब्राउन लाइन घ्या. तिच्यात बसायला जागा मिळते, आणि ती थेट क्विन्सीला सोडते, तिथून युनियन स्टेशन पाच-सात मिनिटांवर.